काठीचा एक वजा

आमच्या घरात कॉम्प्युटरचं वेड फक्त मला. पोटापाण्यासाठी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, पण जीव सगळा जुन्या मशिनींत. बायको म्हणते, "या घरात वायर ठेवायला जागा आहे, पाय ठेवायला नाही." खोटं कशाला बोलू? स्वयंपाकघरातली चाळणी एकदा माझी अँटेना झाली होती, तेव्हापासून ती चाळणी लपवून ठेवते.

गेल्या वर्षी मात्र माझा छंद पहिल्यांदा कामाला आला. आई विसरायला लागली होती. दोनदा घराबाहेर पडली आणि परतीचा रस्ताच सापडेना. आम्ही दोघंही दिवसभर नोकरीवर. म्हणून मी दाराच्या चौकटीत माणसं मोजणारं यंत्र बसवलं. कोणी आत आलं की एक वाढणार, बाहेर गेलं की एक कमी होणार. घरात किती माणसं आहेत ते माझ्या फोनवर दिसणार. आकडा एकच्या खाली गेला की फोन कोकलणार.

उद्घाटनाला आम्ही तिघं जिन्यात उभे राहिलो. आकडा शून्य. एकेक करून आत गेलो. फोनवर चार.

"वा! मला न विचारताच कुटुंब वाढवलंस की," बायको म्हणाली.

मी हार मानणारा नव्हे. एकटा आत-बाहेर करून बघितलं, बरोबर. बायकोनं केलं, बरोबर. आई गेली की मात्र दोन! मग डोक्यात उजेड पडला. आईची काठी! काठीशिवाय आईला दहा पावलंही टाकता येत नाहीत. आधी काठी पुढे, मग पाऊल. यंत्र बिचारं काठीलाही माणूस समजत होतं. काठीविना आईला चालवून बघायचं काही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ती पडेल म्हणून केलं नसतं. मी सरळ आकड्यातून कायमचा एक वजा करून टाकला. आई तर घरी असणारच, मग बिघडतंय कुठे?

"काठीचा एक वजा," मी ऐटीत जाहीर केलं.

"तिला वाईट वाटेल हो," आई म्हणाली, आणि आम्ही पोट धरून हसलो.

चार महिने यंत्र शहाण्यासारखं वागलं. मग एका मंगळवारी, अकराच्या सुमारास, मी काच घासत असताना फोन कोकलला. पडद्यावर आकडा होता उणे एक.

दुकानाच्या मालकांनी डोकावून पाहिलं. "घरात उणे एक माणूस? अहो, म्हणजे तुम्ही घरी गेलात की शून्य होणार!"

मीही खो खो हसलो. मग हसू तोंडातच राहिलं. एक तर मीच वजा केला होता. म्हणजे खरा आकडा शून्य. बायको कामावर. आई काठी घेऊन बाहेर पडली होती.

पळत घरी आलो. दार सताड उघडं. आत कोणी नाही.

दारामागच्या खुंटीवर काठी.

काठी घरात होती. मग आईबरोबर बाहेर गेलं काय?

विचार करायला वेळ नव्हता. गल्ली, दवाखाना, मोठा चौक. चौकापलीकडच्या बाकावर आई मजेत पाय हलवत बसली होती. मी तिला मिठी मारून भर रस्त्यात रडलो.

"अगं, काठीशिवाय एवढ्या गाड्यांतून आलीस कशी?"

"काठी कशाला? हात होता ना धरायला."

"कुणाचा?"

"असं काय विचारतोस? तूच तर पाठवलंस ना?"

परतताना मी तिचा उजवा हात धरला. डावा तिने जरासा बाहेर काढून धरला होता, तोल जाऊ नये म्हणून असेल. वाटेत एकदाही अडखळली नाही.

दारात ती बाजूला सरली. क्षणभर थांबली. मग आत गेली. तिच्यामागून मी.

दार लावून फोन बघितला. घरात आम्ही दोघं. आकडाही दोन.

काठीचा एक वजा होऊन, दोन.

काठी खुंटीवरच होती.