नाव नसलेलं बटण

मला दिसत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे दिवे गेले होते का, असं मध्येच विचारू नका. माऊसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर वेबसाइट वापरता येते का, हे तपासायचं माझं काम. टॅबची कळ दाबली की पानावरची पुढची गोष्ट येते, संगणक तिचं नाव वाचून दाखवतो, मी ऐकते.

त्या दुपारी बिरवाडीतल्या माझ्या खोलीवर मी एका दवाखान्याची वेबसाइट तपासत होते. दुसऱ्या दिवसापासून डायलिसिसचा नंबर फक्त तिथूनच लागणार होता. माझे भिकाजीकाका पोलादपूरच्या डोंगरात एकटे राहतात. साखरेने आधी त्यांचे डोळे गेले, आता किडन्याही. हा नंबर त्यांना स्वतःच लावता यायला हवा होता.

टॅब दाबलं. "बटण." पुन्हा टॅब. "बटण." परत तेच, "बटण." अरे, पण कसलं बटण? डोकंच फिरलं माझं. डोळसांना चित्र दिसतं ना, मग नाव द्यायचे कष्ट कोण घेतो!

वैतागून मी टॅब दाबतच राहिले. पान संपलं, तरी तो एकसुरी आवाज थांबेना.

"खिडकी. उघडी."

"पंखा. चालू."

"खुर्ची. नाव नाही."

खिडकी उघडी होती. पंखा चालू होता. आणि दुसरी खुर्ची माझ्या मागे... मी हात मागे नेला. वेताची बैठक रिकामी होती, पण गरम. बाहेरच्या केमिकल कंपन्यांच्या नेहमीच्या आंबूस वासात ओल्या मातीचा वास मिसळला होता.

वेबसाइट बनवणाऱ्या यशराजला मी फोन लावला.

"हा चावटपणा कुणाचा?"

"कसला, ताई? माझ्याकडे शेवटच्या बटणानंतर काहीच नाही."

"शेवटी कुणीतरी बिननावाचं आहे."

"राहिलं असेल एखादं."

भीती वाटत होती, पण त्याहून संताप येत होता. "एकूण एक गोष्टीला नाव दे. बिननावाचं काही ठेवायचं नाही. कळलं?"

"देतो ना. नाही सुचलं तर माझंच टाकतो," तो हसला.

संध्याकाळी त्याचा निरोप आला. मी टॅब दाबलं. "नंबर लावा, बटण." "तारीख निवडा, बटण." शेवटच्या बटणानंतर आवाज थांबला. पुढे दाबायला बोट धजेना, तरी दाबलं. काहीच नाही. खुर्ची चाचपली, थंडगार होती. सुटले एकदाची, म्हणत मी मंजुरी पाठवून दिली.

सकाळी काकांचा फोन आला.

"दीप्ती, नंबर लागला गो! कुनाला इचारला पन नाय. मोबाइल सगळा वाचून दाखवतो."

मला रडूच आलं.

"पन शेवटाला कायतरी येगळाच बोलला. दार, लावलेला. चूल, इझलेली. मंग... बाज, यशराज."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"कोन पावना आलाय काय गो?" काकांनी आवाज हळू केला. "मघाधरनं बाज करकरतेय... च्या इचारू काय त्याला?"