मोजणीच्या माळावरचा फोटू

गड्या, ह्याचा शेवट वळखून दाव. वळखलास तर माझी चंची तुला, तंबाखूसकट. पर न्हाई जमायचं तुला, तोंडावरनंच दिसतंय.

आमच्या वाडीचा दादासो फौजेतनं हवालदार हून घरी आला. त्याच्या लग्नात फोटूवाल्याचा रोल कोरा निघाल्याला. फुडं बावीस वर्सं ह्यो बर्फात, आन् बायकू धोंडुबाई हिकडं माण तालुक्यात मेंढरांमागं. दोघांचा मिळून एक फोटू न्हाई. ती म्हणायची, "आवं, एका चौकटीत एकदा बसू की दोघं. दुसरं काय मागती मी?" मग गडी साताऱ्याला गेला आन् कॅमेरा घिऊन आला.

दुकानदार म्हणला, "काका, आटोवर ठेवा. त्याचं त्यो बघतो."

"आटोतनं मी स्टँडवर जातो," दादासो म्हणला. "फोटू माझ्या हातानं काढणार."

झालं! कॅमेऱ्याचा डोळा किती उघडायचा, किती येळ उघडा ठेवायचा, आन् आतल्या नजरंला धार किती लावायची, सगळं ह्यानंच आकडे फिरवून ठरवायचं. पहिल्या फोटूत धोंडुबाई पिठाच्या डब्यात पडल्यागत पांढरी. दुसऱ्यात तव्याच्या बुडागत काळी. ती हसून हसून लोळली.

"उजेडाचा घोळ हाय," दादासो म्हणला. "भर दुपारी मोजणीच्या माळावर चल."

तिचं हसू तिथंच थांबलं. त्या माळावर दगडांचा एक ढीग हाय. तिथनं मेंढरं नेताना धनगर तोंडातनं आकडा काढत न्हाईत. कोण एक मेंढका दुष्काळात मेंढरं मोजता मोजताच तिथं मेला, एक कमी भरत हुतं म्हणं. तवापासनं माळावर तुमी मोजणी जिथं सोडताय, तिथनं फुडं त्यो धरतो. आन् कमी पडल्यालं एक भरून घेतो.

"मी काय मेंढरं मोजाय चाललोय व्हय?" दादासो म्हणला, आन् नेलं तिला.

ऊन डोक्यावर. वारा न्हाई. तिपाईवर कॅमेरा, खडकावर धोंडुबाई. दाबलं. फोटू पांढराफेक. बायकू पुसली, आभाळ पुसलं. पर ढिगापाशी घोंगडं पांघरल्याला एक मानूस, ठळक काळा.

"ए, बाजूला हो रं!" दादासो वरडला. मान वर केली तर माळ मोकळा.

कॅमेऱ्याचा डोळा बारीक करून परत दाबलं. आता फोटू काळाकुट्ट. आन् त्यो मानूस तसाच. घोंगड्याचा धागा न् धागा दिसंल असा. उजेड वाढवा, कमी करा, त्याला फरकच न्हाई...

"आवं... चला घरी..."

"घरी? बंदुकीच्या तोंडाला उभा ऱ्हायलोय मी. ह्या घोंगड्यावाल्याला भिऊ?"

त्यानं तिन्ही आकडे परत फिरवले, मधोमध आणले. मग दहा सेकंदाची कळ लावली, म्हंजे दाबून पळत जाऊन बसायचं, कॅमेरा आपुआप काढतो. आन् मुद्दाम ढिगाकडं त्वांड करून मोठ्यांदा सुरू केलं, "एक! दोन! तीन!" दहाला धोंडुबाईशेजारी टेकला, तिच्या खांद्यावर हात टाकला. कट्ट.

माळ गप. त्या रखरखीत उन्हात भिजल्या लोकरीचा वास आला. आन् दोघांच्या मधनं कोण तरी हळूच म्हणलं...

"अकरा."

फोटू झ्याक निघाला हुता. उजेड बरोबर, दोघं लख्ख. ढिगापाशी कोण न्हाई. घोंगडं मातर धोंडुबाईच्या डोक्यावर हुतं.

घरी आल्या आल्या तिनं आंग टाकलं. भर उन्हाळ्यात हातपाय गार. दहिवडीच्या डाक्टरला काय सापडंना. तिसऱ्या दिशी ती पुटपुटली, "मला मोजलं जी त्यानं..."

दादासो उठला. कॅमेरा घेतला, भर बाराला माळावर एकलाच. आकडे तेच, कळ तीच.

"मोजलं मी!" ढिगाला म्हणला. "तिनं न्हाई. घ्यायचं तर माझं घे, पर मोजणी माझ्या तोंडानं संपंल!"

खडकावर छाती काढून बसला. एकापासनं दहापतुर मोजलं. लोकरीचा वास मानंपाशी आला... आन् त्यानं त्वांड उघडायच्या आत दादासोच गरजला, "अकरा!"

कट्ट.

घरी आला तर धोंडुबाई भाकरी थापतीया. "कुठं हुंदडाय गेलता उन्हाचं?"

काय म्हणतोस, दादासो मेला? हॅट! काल माझ्यासंगं मटणाचा रस्सा वरपलाय त्यानं. चंची माझी माझ्यापाशीच. पर त्या दिसापासनं कुठल्याच कॅमेऱ्यात त्यो उठत न्हाई. कायबी फिरवा, कितीबी उजेड घ्या. त्यो माळावरचा दोघांचा फोटू धोंडुबाईनं भिंतीला लावलाय. घोंगडं गेलंय. ती हसतीया, एकलीच. शेजारचा खडक मोकळा. आयुष्यभर मागितल्याल्या त्या एका चौकटीत नवऱ्याची फकस्त बोटं उरलीत, तिच्या खांद्यावर.

पाच हुती. काल गेलतो तवा मनातल्या मनात मोजली.

चार.