एकाच माणसाचा डबा

इथं नोकरीला लागायचंय म्हणतोस, तर आधी हे ऐकून घे. दिवा इकडे सरकव. मी चार यत्ता शिकलेला बाइंडर. पुस्तकं उसवायची, शिवायची, खळ लावायची. म्हणून सगळे मला खळ्या म्हणतात.

या ग्रंथालयाच्या खोडी दोन. एक, सही केली की बाहेर जाता येत नाही. फाटक सताड उघडं असतं, पण पलीकडे पाऊल टाकलं की माणूस परत वाचनकक्षातच. दुसरी, मागच्या खोलीत प्रत्येक नोकराचं एक पुस्तक आहे. आपला रोजचा दिवस त्यात आपोआप उमटतो. ती पुस्तकं सांभाळायचं काम माझं.

शिडीवाला माझ्याबरोबरच लागला. वरच्या फळ्यांवरची पुस्तकं उतरवायचा. त्याचं पुस्तक माझ्या दुप्पट जाड. का, तर रोज बाराला त्याची बायको डबा घेऊन फाटकाशी यायची. कपाळावरचा घाम पुसत हसायची.

"अहो, चला जेवायला."

हा उतरता उतरता मला म्हणायचा, "खळ्या, तू खळच चाट!"

माझ्याकडे कुणी यायचं नाही. पोटात आग पडायची. भुकेची नव्हे.

एका दुपारी सगळे पेंगत होते. मी त्याचं पुस्तक उघडलं. ती पहिल्यांदा आली त्या दिवसाचा कागद शोधला, टाका कापला, कागद ओढून माझ्या पुस्तकात शिवला. सुई लोण्यातून गेल्यासारखी गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, चला जेवायला."

शिडीवाला वरून वाकला. "कोण रे ती?"

"माझी बायको."

"नशीबवान आहेस लेका," असं म्हणून तो उपाशीच पुन्हा शिडी चढला. खोटं कशाला बोलू, मला तो घास जास्तच गोड लागला.

पण एक चूक झाली. शिवलेल्या पुस्तकात कागद दुमडलेला असतो. अर्धा पुढे, अर्धा पार मागे. पुढचं पान घेतलं की मागचं फुकट पदरात पडतं. ते मागचं पान कोरं होतं. मी बघितलंच नाही.

सात वर्षांनी एका दुपारी ते भरलं. 'फाटकाबाहेरच्या पायऱ्यांवर पडली. उठली नाही.' मी फाटकाकडे धावलो. धावलो की वाचनकक्षात. पुन्हा धावलो, पुन्हा वाचनकक्षात. ती दहा पावलांवर पडलेली...

शिडीवाल्यानं पाठीवर हात ठेवला. "नको रडू, खळ्या." अरे, रडायचं त्यानं होतं! त्याचे कोरडे डोळे बघून मला त्यांचाही हेवा वाटला.

ठरवलं, ज्याचा कागद त्याला परत. कागद उसवला, त्याच्या पुस्तकात धरला. भोकं जुळेनात; तिथं तो नुसता एका टाक्यावर अडकवलेला होता. माझ्या पुस्तकात मात्र पाचही तंतोतंत. मग आठवलं... भोकं पाडायला आर लागते. त्या दिवशी मी आर हातात घेतलीच नव्हती; भोकं आधीचीच होती.

माझ्या पुस्तकाच्या पाठीत पिवळा पडलेला दोरा सापडला, कधीचा तरी कापलेला. त्याला गाठ होती. मी गाठ आत घेतो. ही बाहेर होती, दुसऱ्या कुणाच्या तरी हातची.

शिडीवाल्याला विचारलं, "तुला शिवता येतं का रे?"

त्यानं आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाला, "आता नाही येत..."

तो कागद माझ्या उशाखाली आहे. कुणाच्याच पुस्तकात नाही.

आणि अजून रोज बाराला फाटकाशी हाक येते. "अहो, चला जेवायला." आम्ही दोघंही उठतो. तिथं कुणी नसतं. डबा असतो, हात भाजेल इतका गरम.

त्यात एकाच माणसाचं जेवण असतं.