शेवंती आजीचा आवाज कुठे अडला?

शेवंती तांडेल बोलायला लागली की शेवरेबंदरची कुत्री भुंकायची थांबत. बहात्तर वर्षांत तिचा आवाज कोणी अडवला नव्हता. नवऱ्याने नाही, सरपंचाने नाही, वादळाने तर नाहीच. तो २०५२ सालच्या एका मंगळवारी तळहाताएवढ्या मोबाइलने अडवला, आणि त्याचा दोष आला नातीवर.

नात म्हणजे केतकी. वय वर्षं अकरा. आजीचं ज्ञान जगाला द्यायचं म्हणून तिने एक ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला होता. निमित्तही तसंच होतं. खाडीच्या मुखाशी एका टोकाला शेवरेबंदर आणि दुसऱ्या टोकाला पानवळ. शेवरेबंदरला समुद्रशेवाळाची (खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीची) शेती जुनी. पानवळच्या बायका मात्र यंदा पहिल्यांदाच ती करणार होत्या. बुधवारी सकाळी रोपांची होडी येणार होती. ओहोटीला पाणी गुडघ्याएवढं झालं की जेमतेम दोन तास मिळतात. तेवढ्यात प्रत्येक रोप दोरीला बांधायचं. गाठ सैल पडली तर रोप वाहून जातं, घट्ट आवळली तर कुजतं. ती नेमकी गाठ शेवंती आजीच्या बोटांत होती; पण त्याच ओहोटीला तिला इकडेही पाण्यात उतरायचं होतं.

म्हणून केतकीने सहा धडे केले. प्रत्येक धड्यात आजी गाठ मारते आणि बोलते. एक धडा संपला की दुसरा आपोआप सुरू व्हावा, अशी सोय केतकीने निवडली होती. पानवळच्या बायका पाण्यात बांबू रोवून त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतले मोबाइल टांगणार होत्या. हात दोरीत, डोळे आजीकडे.

शाळेच्या मोठ्या डिजिटल फळ्यावर सगळं झकास चाललं होतं. मंगळवारी दुपारी पानवळच्या सायलीने स्वतःच्या मोबाइलवर अभ्यासक्रम उघडला आणि दुसऱ्या मोबाइलवरून शाळेत आजी-केतकीला फोन लावला.

"शेवंतीकाकी, तुमचा नुसता फोटो आलाय गो. तोंड उघडं, आणि मध्ये तिकोनी खूण."

"मी काय पापलेट आहे का, तोंड उघडं टाकून पडायला?" आजी केतकीकडे वळली. "काय केलंस?"

केतकीने घाईघाईने इकडची सोय तिकडे केली. "आता बघा, सायलीकाकी."

"चाललं, चाललं! हात हलतायत, तोंडही हलतंय." सायली जरा थांबली. "पण काकी, आवाज नाही. मुक्यानेच काय ते सांगताय."

शाळेच्या पडवीत बसलेली आजी ताडकन उठली.

"माझं तोंड बंद केलं?" आजी म्हणाली. "त्या डबीने?"

कोपऱ्यातून टकटक करत कुर्ली तिरकी तिरकी पुढे आली. कुर्ली म्हणजे शाळेची यंत्रखेकडी, सहा पायांची. मुलांच्या शंका सोडवणं हे तिचं काम. आजीला ती फारशी आवडत नसे, कारण ती उलट उत्तर अगदी नम्रपणे देई.

"तोंड बंद केलेलं नाही, आजी," कुर्ली म्हणाली. "तुम्हाला दाराशी थांबवलंय."

"अगं मेले खेकडे, मला?"

"एक विचारू? तुमच्या स्वयंपाकघरात न विचारता कोण शिरतं?"

"शिरून बघ. तंगड्या सहा आहेत तुझ्या, एकही शिल्लक ठेवणार नाही."

"आणि दारातून कोणी नुसतं हसून हात हलवला तर?"

आजीने विचार केला. "हलवू दे. त्याने माझं काय जातं?"

"मोबाइलमधल्या ब्राउझरचा नियम हाच आहे." ब्राउझर (इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारी आज्ञावली) हा शब्द केतकीला ठाऊक होता, आजीने तो कानाआड केला. कुर्ली पुढे म्हणाली, "फार वर्षांपूर्वी पान उघडलं रे उघडलं की चित्रफिती आपणहून बोंबलायला लागायच्या. कोणी दवाखान्यात रांगेत बसलेलं असे, कोणाचं बाळ नुकतंच झोपलेलं असे, आणि खिशातून साबणाची जाहिरात गाऊ लागे. मग ब्राउझर बनवणाऱ्यांनी ठरवलं, की मूक चित्राला आपणहून हलायची मुभा, पण आवाजाला नाही. मोबाइलवाल्याने बोटाने पडद्याला स्पर्श केला, म्हणजे 'या' म्हटलं, की मगच आवाजाने आत यायचं."

"पण मी 'आपोआप सुरू' निवडलं होतं," केतकी म्हणाली.

"ती तुझी इच्छा झाली. मोबाइल सायलीकाकींचा आहे. पाहुणा स्वतःच 'या' म्हणाला तर चालेल का? आधी तू आवाजासकट चालवायला गेलीस, म्हणून फीत दाराशीच थिजली. मग घाईत 'आवाज बंद' ही सोय निवडलीस, म्हणून चित्र तेवढं हललं."

"मग शाळेच्या फळ्यावर कसं चालतं?"

"तिथे गुरुजींनी आपल्या अभ्यासक्रमाला कायमची मुभा देऊन ठेवलीय. फळा आपल्या घरचा. तिथे चाललं म्हणजे परक्या दारी चालेलच असं नाही. तू पानवळच्या मोबाइलवर तपासलंच नव्हतंस."

केतकीने मान खाली घातली. नातीला बोलायचा हक्क फक्त आपला, असं आजीचं मत होतं. पण खेकडी खोटं बोलत नव्हती.

"ठीक आहे," शेवटी आजी म्हणाली. "सायले, बोट लाव त्या पडद्यावर."

सायलीने बोट लावलं. आणि फोनमधून, खाडीच्या पलीकडून, आजीचाच दणदणीत आवाज परत आला, "दोरी अशी धर, झाडू धरल्यासारखी नको!" आजीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दोन मिनिटांनी पहिला धडा संपला, आणि दुसऱ्या धड्याची आजी पुन्हा मुकी.

"परत?" आजी ओरडली.

"उद्या माझे हात खाऱ्या पाण्यात असणार," सायली काळजीने म्हणाली. "ओलं बोट पिशवीवरून लागतही नाही नीट. दर दोन मिनिटांनी हात पुसत बसले तर रोपं कधी बांधू?"

पडद्याला बोट कळतं ते बोटामुळे पडद्यावरच्या विजेत पडणाऱ्या अगदी सूक्ष्म फरकाने. मधे खाऱ्या पाण्याचा थर आला की तो गोंधळतो, कारण खाऱ्या पाण्यातूनही वीज जाते. कुर्लीने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि आजीने एका वाक्यात उडवून लावलं.

"ते राहू दे. मला सांग, एकदा घरात घेतल्यावर मी दर खोलीपाशी 'येऊ का' विचारते का?"

कुर्लीचे डोळे गर्रकन फिरले. "नाही. तुम्ही खोल्या बदलता, घर नाही. पण केतकीने प्रत्येक धड्याला वेगळं पान केलंय. नवं पान म्हणजे नवं घर आणि नवं दार."

"मग एकच पान करते!" केतकी उडालीच. "पानावर फीत दाखवणारी चौकट एकच ठेवायची. एक धडा संपला की त्याच चौकटीत पुढचा आणायचा. सहाही धडे एका घरात! परवानगी एकदाच."

"आता बोललीस तांडेलांच्या पोरीसारखी."

केतकीने तासाभरात पान बदललं. राहिला एकच प्रश्न. पाण्यात उतरण्याआधी कोरड्या बोटाने एकदा स्पर्श करायचा, हे बायकांना कळणार कसं? केतकीने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आवाजासाठी पडद्याला स्पर्श करा.'

आजीने ते पाहून नाक मुरडलं. दुसरीपर्यंत ती शाळेत गेली होती, तीही पेजेसाठी. "सकाळचं ऊन पडद्यावर, वाऱ्याने केस तोंडावर, आणि होडी समोर उभी. तुझं हे कीर्तन वाचायला थांबणार कोण?"

"मग आवाज नसताना सांगायचं कसं?"

"गाढवे, तुझा आजोबा होडी घेऊन जायचा तेव्हा माझा आवाज पोचायचा का तिथवर? किनाऱ्यावरून आम्ही काय करायचो?"

केतकीला ते माहीत होतं. लाल फडकं, खाडीच्या दोन्ही काठांवर हीच खूण. डोक्यावर दोनदा फिरवलं की 'सगळं ठीक'. खाली झटकलं की 'परत ये'.

आजीने फडकं आणलं आणि ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. केतकीने तिला इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं. आजीने फडकं झटकून लक्ष वेधलं, ओला हात पदराला पुसून दाखवला, मग एक बोट पुढे करून पडद्याच्या मधोमध ठोकलं आणि कानामागे हात धरला. बारा सेकंद. ही फीत मूक, म्हणून आपोआप चालणारी. बोट लागलं की तिच्याच चौकटीत बोलणारे धडे.

त्यांनी सायलीला पुन्हा उघडायला लावलं.

"काकी फडकं हलवतायत… हात पूस म्हणतायत… थांबा, लावते बोट." आणि लगेच, "दोरी अशी धर, झाडू धरल्यासारखी नको!" मग दुसरा धडा, तिसरा, थेट सहाव्यापर्यंत. कुठेही अडलं नाही.

बुधवारी ओहोटी लागली. शेवरेबंदरच्या बाजूला आजी आणि केतकी दोरीवर वाकल्या होत्या. मोबाइल घरी ठेवला होता. पलीकडे पानवळच्या बायका ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या. त्यांच्या गाठी पडतायत की सुटतायत, हे इथून कळायला मार्ग नव्हता. आजी चारचारदा मान वर करून बघत होती, आणि "माझं लक्ष नाही हो तिकडे" असं न विचारता सांगत होती.

पाणी गुडघ्यावरून मांडीला लागलं. दोन तास संपले.

"आजी," केतकी हळूच म्हणाली, "पुढे कधी चंद्रावर शेती झाली, आणि तिथे हवाच नसल्याने आवाज पोचला नाही, तरी तुझी गाठ शिकवता येईल. नाही का?"

"आधी पानवळ बघू. चंद्र कुठे पळून जात नाही."

तेवढ्यात पलीकडच्या ठिपक्यांतून काहीतरी लाल वर गेलं. एकदा फिरलं. थांबलं. दुसऱ्यांदा फिरलं. मग त्याच्या शेजारी आणखी एक, मग पिवळं, मग हिरवं, ज्या बाईच्या हाताला जे लागलं ते.

आजीने पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि ती तिकडे बघत उभी राहिली. मग तिने स्वतःचं लाल फडकं केतकीच्या हातात दिलं.

"दे उत्तर. दोनदाच. जास्त नाचवू नकोस, डोक्यावर बसतील."