तंतोतंत जुळलेलं उत्तर

"चार वाजता मला चोर ठरवून हाकलणार आहेत," असं म्हणत ती आत आली, खुर्चीत बसली आणि लगेच उठली.

वहिनींनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

वहिनी आधी रेडिओ दुरुस्त करायच्या, आता लोकांच्या भानगडी. दीर दिवसभर "वहिनी, वहिनी" करत मागं असायचे, म्हणून सगळं गावच त्यांना वहिनी म्हणे.

"बसवत नसेल तर उभ्यानं सांगा."

"ऐकू कमी येणाऱ्यांसाठी टेबलावरची यंत्रं बनवतात, त्या कारखान्यात मी सोल्डरिंग करते. मला ठिणगी म्हणतात. बाबांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर जुळवला. एकच ट्रान्झिस्टर, तीन पायांचा: बेस, एमिटर, कलेक्टर. आधी वहीत आकडेमोड केली, मग बोर्ड जोडला, मग जोडला तस्साच कॉम्प्युटरवर घालून सिम्युलेशन केलं, म्हणजे तिथंच चालवून पाहिला. मालकीणबाईंना दाखवला, तर इंजिनिअर म्हणतात, सर्किट माझं, हिनं ढापलं. त्यांच्याकडे महिन्यापूर्वीची तारीख घातलेलं आकडेमोडीचं पान आहे. माझी वही परवापासून गायब. यंत्रही जप्त."

"वहीतला एखादा आकडा आठवतो?"

"कलेक्टरवर ६.५४ व्होल्ट. सिम्युलेशननं ६.६७ दिले. एवढा फरक चालतोच."

"म्हणजे आकडेमोड चुकली?" भावजींनी विचारलं.

"भावजी, चपला घाला."

कारखान्यात इंजिनिअरनं टाय शर्टाच्या खिशात खोचला होता. पान मात्र टायपेक्षा टापटीप. भावजींनी मोठ्यानं वाचलं: "सप्लाय बारा व्होल्ट. बेसवर २.१. त्यातून ०.७ वजा, एमिटरवर १.४. खाली एक किलोओहमचा रेझिस्टर, म्हणून करंट १.४ मिलिअँपिअर. कलेक्टरला ३.८६ किलोओहम. कलेक्टरवर ६.६७ व्होल्ट."

"नंतर काही दुरुस्ती?" वहिनी चष्म्याची डबी उघडत होत्या, मिटत होत्या.

"माझ्या पानावर खाडाखोड नसते, बाई. बसलो, लिहिलं, तारीख घातली."

"सिम्युलेशन केलंत?"

"गरज काय? हातानं येतंच की."

बाहेर पडताच भावजी म्हणाले, "वहिनी, अगदी तंतोतंत हो! ठिणगीपेक्षा हाच पक्का."

"हं," वहिनी म्हणाल्या, आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरल्या.

स्टोअर सांभाळणारे काका उंदरासारखे डब्यांमधून डोकावले. "वही? मी कशाला घेऊ? मला माझंच रजिस्टर उलटवत नाही!"

"ठिणगीनं या सर्किटासाठी काय काय नेलं?"

काकांनी एक रिकामा डबा आपटला. "३.९ किलोओहमचे रेझिस्टर मागितले. कधी खंड नाही पडायचा, नेमके गेल्या सोमवारी संपले. म्हटलं, ३.३ किलोचा घे नि ५६० ओहमचा घे, जोड एकापुढं एक. मोठा बैल नसला की दोन गोऱ्हे जुंपायचे!"

भावजी हसले. वहिनी हसल्या नाहीत. साडेतीन झाले होते.

पावणेचारला मालकीणबाईंच्या खोलीत सगळे जमले. टेबलावर यंत्र होतं, त्याला हेडफोन. ठिणगी दाराशी, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"भावजी, पाटी घ्या. १.४ गुणिले ३.८६?"

भावजींची जीभ बाहेर आली. "५.४०."

"बारातून वजा करा."

"६.६०." ते थबकले. "अहो, पण पानावर तर ६.६७ आहे!"

"गुणाकार चुकला असेल," इंजिनिअर म्हणाला.

"चुकला, आणि नेमका सिम्युलेशनच्या उत्तरावर जाऊन बसला? हातानं करताना आपण सोयीसाठी ०.७ धरतो. ट्रान्झिस्टर काही आपल्या सोयीनं वागत नाही, आणि बेसमध्येही चिमूटभर करंट शिरतो. सिम्युलेशन ते सगळं धरतं. म्हणून दोन्ही उत्तरं शेजारी राहतात, एका घरात नाही. सिम्युलेशन केलंच नाही म्हणालात, मग हे उत्तर आलं कुठून?"

वहिनींनी पानावर बोट टेकवलं.

"आणि ३.८६. असा रेझिस्टर काकांच्या एकाही डब्यात नाही. ३.३ आणि ५६० ओहम मिळून ३.८६. ही जोडी जुळली गेल्या आठवड्यात. तुमचं पान महिन्यापूर्वीचं, आणि त्याला नंतर हात लावला नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

"पण वहीच चोरली," भावजी म्हणाले, "तर वहीतलंच का नाही उतरवलं?"

"कारण वहीत होतं ३.९ आणि ६.५४. बोर्डाशी जुळेना, कॉम्प्युटरशी जुळेना. यांना वाटलं, सोल्डरिंगवालीची चूक. म्हणून तिच्या सिम्युलेशनमधून घेऊन सुधारलं." वहिनींनी डबी मिटली. "तिचं बरोबर होतं, साहेब. हातची बरोबर आकडेमोड अशीच थोडी वेगळी दिसते."

इंजिनिअरनं बॅग उघडली. वही वरच होती.

मालकीणबाईंनी यंत्र उचललं आणि स्वतः ठिणगीच्या हातात दिलं. "तुला चोर म्हणाले, ते मागं घेते. सर्किटावर नाव तुझंच लागेल."

"लावा सावकाश. आधी बाबांना नेऊन देते," ती म्हणाली, आणि वही विसरून पळाली.

वही द्यायला वहिनी आणि भावजी तिच्या घरी पोचले, तेव्हा बाबांच्या कानांवर हेडफोन होते. ठिणगी समोर उभी, बोटं मोडत.

"बाबा, येतंय का ऐकू?"

"ओरडतेस कशाला?" बाबा म्हणाले. मग छताकडे पाहत राहिले. "आपला पंखा इतका करकरतो? इतकी वर्षं कुणी बोलला नाहीत मला!"

ठिणगी खुर्चीत बसली. उठली नाही.