पेटीतली खोली

मावशी घरातून निघाली होती ती पितळी तार आणायला. तिचं काम दातांचं. दंतवैद्य जबड्यांची मापं पाठवायचे आणि ती घरच्याच एका खोलीत बसून कवळ्या घडवायची. मेण, प्लास्टर, चिमटे आणि सुईच्या टोकाएवढं पातं फिरवणारं ड्रिल, हाच तिचा संसार. धाकटी बहीण जहाजावर नर्स होती. सहा महिन्यांच्या फेरीवर निघताना तिने आपली सात वर्षांची लेक मावशीकडे ठेवली होती. त्या लेकीला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी डोळा उघडला की सुरू, आणि झोप लागली की बंद.

रेडिओला बाहुलीघर हवं होतं. राजवाडा वगैरे नको, "आपल्यासारखी, आताची खोली." मावशीने एक लाकडी पेटी आतून पांढरी रंगवली, मागच्या भिंतीला दार पाडलं, फुटक्या मोबाईलच्या काचेचा टीव्ही केला. राहिलं होतं फर्निचर.

"तारेबरोबर हेही न्या," भंगारवाल्याने एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "लहान मुलांचं आहे. नेणारे परत आणून ठेवतात, म्हणून पडून आहे."

"परत का आणतात?"

"आवडत नसेल पोरांना," तो म्हणाला आणि तार मोजायला लागला.

डब्यात काळ्या लाकडाचा पलंग होता, उंच पाठीची खुर्ची होती, कपाट होतं. काम इतकं बारीक की मावशीसारखीला हेवा वाटावा. फक्त वास तेवढा वाईट. ओलं फडकं आणि जुनं औषध एकत्र झाकून ठेवल्यासारखा.

"याचं आपण दुसरंच काहीतरी करू," मावशी म्हणाली. "पलंगाचा सोफा, कपाटाची पुस्तकांची फळी." पण त्या दिवशी नुसता अंदाज घ्यायला म्हणून तिने सगळं होतं तसंच पेटीत मांडलं.

दुसऱ्या दुपारी कवळ्या पोचवून ती परत आली तर पेटीतली मांडणी बदललेली. पलंग कोपऱ्यात गेला होता. खुर्ची त्याच्या उशाशी. आणि कपाट दाराला घट्ट लावलेलं.

"तू हलवलंस?"

रेडिओने नाही म्हणून मान हलवली. नुसती मान. तेव्हा कुठे मावशीच्या लक्षात आलं, सकाळपासून पोरीचा एक शब्द कानावर पडलेला नाही.

पुढचे तीन दिवस मावशी वस्तू जागच्या जागी ठेवायची आणि दुपार कलली की त्या पुन्हा तशाच जायच्या. कोपरा, उशाशी खुर्ची, बंद दार. आजारी लेकराची खोली असावी तशी. रेडिओ बोलेना. डॉक्टरांनी घसा पाहिला, घशात काही नव्हतं. रविवारी जहाजावरून फोन आला. पोरीने तो कानाला लावला आणि नुसती ऐकत राहिली.

"ताई, ती माझ्यावर रुसलीय का?" बहिणीचा आवाज ओला झाला. "मी पुढच्या बंदरात उतरते. नोकरी गेली तर गेली."

"दोन दिवस थांब," मावशी म्हणाली. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, दोन दिवसांत ती काय करणार आहे.

फोन ठेवून ती रेडिओच्या खोलीत गेली आणि उंबऱ्यातच थबकली. पोरीचा पलंग कोपऱ्यात सरकला होता. स्वयंपाकघरातली खुर्ची उशाशी होती.

"इथे... कोण बसतं गं?" तिने हळूच विचारलं.

रेडिओने ओठांवर बोट ठेवलं. पण तो हात तिने उचलला नव्हता. कुणीतरी मनगटाला धरून वर नेल्यासारखा तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, जड लाकूड फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मावशी धावली. रेडिओच्या खोलीचं दार उघडेना. आतून कपाट आडवं आलं होतं. दोन माणसांना न हलणारं ते कपाट.

"रेडिओ... ऐकतेस ना?"

आत खुर्ची करकरली. मग अगदी दाराजवळून, म्हाताऱ्या ओठांतून, एक लांबलचक आवाज आला. "शूऽऽऽ..."

दुसऱ्याच क्षणी मावशीला पेटी आठवली. ती तशीच कामाच्या टेबलाकडे पळाली. पेटीतलं कपाट दाराला चिकटलं होतं. तिने चिमट्याने ओढलं, बोटांनी ओढलं. बोटभर लाकूड, पण भिंतीत रुजल्यासारखं.

"बरं," ती म्हणाली. "कपाट आहेस म्हणून अडवतेस ना. मग कपाटच ठेवत नाही तुला."

तिने ड्रिल सुरू केलं. भुसा उडाला आणि त्याबरोबर तो वास असा उसळला की डोळ्यांत पाणी आलं. तिने दोन्ही दारं कापून काढली, मधे फळ्या चिकटवल्या, ते आडवं पाडलं. "आता तू पुस्तकांची फळी आहेस."

भिंतीपलीकडे काहीतरी जड सरकलं. दार उघडलं आणि रेडिओ अनवाणी धावत येऊन तिच्या कुशीत शिरली.

तेवढ्यात पेटीतली खुर्ची वळली. दोघींच्या डोळ्यांदेखत, सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून.

मावशीने ड्रिल उचललं, पण ते खुर्चीला टेकवेना. तेव्हा तिच्या हातावर एक छोटा, गरम हात आला आणि दाबून धरला. दोघींनी मिळून खुर्चीची पाठ उतरवली. बैठकीला भोक पाडलं, त्यातून तार ओवली, वर तांदळाएवढा दिवा बसवला.

"ही आता..." मावशीने बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या ओठांवर गार, कोरडं बोट टेकलं. शब्द घशातच राहिला. ती घाबरून रेडिओकडे पाहत राहिली.

पोरीचाही हात पुन्हा कुणीतरी ओठांवर नेला होता. तिने तो दुसऱ्या हाताने ओढून खाली आणला. घसा खाकरला.

"ही खुर्ची नाही," ती म्हणाली. आवाज चिरका होता, पण खणखणीत. "हा दिवा आहे."

तिने बटण दाबलं. पेटीभर पिवळा उजेड पडला आणि मावशीच्या ओठांवरचं ते बोट गळून गेलं. दोघी इतक्या हसल्या की हसता हसता खाली बसल्या.

मग त्यांना थांबवणार कोण? संध्याकाळपर्यंत पलंगाचा सोफा झाला, मावशीच्या जुन्या कोटाच्या अस्तराची करडी गादी त्यावर चढली. मंगळवारी रेडिओने पेटीसमोर फोन धरून आईला खोली दाखवली. प्रत्येक वस्तू आधी काय होती आणि आता काय आहे, हे पाऊण तास सांगितलं.

"ताई, हिला आता जरा बंद कर," बहीण पलीकडून हसत आणि रडत म्हणाली. ती कुठल्याच बंदरात उतरली नाही.

खोली आता मावशीच्या खिडकीत असते. येणारेजाणारे थांबून बघतात, आणि रेडिओ सगळ्यांना माहिती देते.

फक्त रोज सकाळी त्या करड्या गादीवर एक खळगा दिसतो, कुणीतरी रात्रभर बसून उठल्यासारखा. मावशी चिमट्याने तो उचलून सारखा करते. "बसायचं तर बसा," ती पुटपुटते. "पण गप्प बसायचं ते तुम्ही."

गेल्या आठवड्यापासून खळगे दोन असतात. शेजारी शेजारी. दुसरा बराच लहान आहे, लेकराचा असावा तसा.