मुकी डीव्हीडी

ती व्हिडिओच्या दुकानात शिरली होती पेनड्राइव्ह द्यायला, पण तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते भलतंच.

"चष्मा काढा."

काउंटरमागचा तरुण दचकला. "कुणाचा?"

"तुमचाच. डावी काडी लोंबतेय. मला बघवत नाही."

तिचा तरी काय दोष! रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. वाकडा चष्मा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. पर्समधून इवलासा स्क्रूड्रायव्हर काढून तिने स्क्रू आवळला, काचा पुसल्या आणि चष्मा त्याच्या नाकावर स्वतःच बसवला. काडी कानामागे सरकवताना बोटं त्याच्या केसांना लागली... आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण एका अनोळखी माणसाच्या फारच जवळ उभ्या आहोत.

"आता स्वच्छ दिसतंय," तो म्हणाला. बघत होता मात्र तिच्याकडे.

"बरं झालं." तिने घाईघाईने पेनड्राइव्ह पुढे सरकवला. "ताईच्या लग्नाचा व्हिडिओ आहे. डीव्हीडी करून हवीय. रविवारच्या आत."

"डीव्हीडी? हल्ली तर सगळे फोनवरच—"

"हे आमच्या बाबांना येऊन सांगा! ते म्हणतात, मुंग्यांचं लग्न आहे का भिंग घेऊन बघायला?"

तो हसला. हसला की त्याच्या गालाला खळी पडायची. तिने ती पाहिली, आणि पाहिलीच नाही असं दाखवलं.

डीव्हीडीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ताईने लग्न स्वतःच ठरवलं आणि बाबांना सांगितलं सगळ्यात शेवटी. बाबा लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून बापलेकीत अबोला. आई नसलेल्या घरात उरलेल्या तिघांतले दोघं बोलत नसले, तर तिसरीने काय करायचं? तिने वर्षभर बाबांच्या मागे भुणभुण लावली, तेव्हा कुठे ते कबूल झाले होते. "रविवारी लाव टीव्हीवर. एकदाच बघेन."

दुसऱ्या दिवशी ती "काडी नीट बसलीय का बघायला" आली. तो तिचीच डिस्क जुन्या प्लेअरवर लावून तपासत होता. पडद्यावर ताई हार सावरत होती, पण टीव्हीतून आवाज येत नव्हता.

"आवाज कुठे गेला?"

"मीच बंद ठेवलाय. चित्र नीट आलंय का एवढं बघतो. संगणकावर आवाजाची हिरवी पट्टी हलत होती, म्हणजे आवाज आहे. लोकांच्या घरातलं बोलणं आपण कशाला ऐकायचं?"

तिला ते इतकं आवडलं, की काडीचं नाव काढायलाही ती विसरली.

रविवारी दुपारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसले. तिने डिस्क लावली. चित्र अगदी झकास! ताई हसली, पाहुणे आले... पण आवाज नाही. तिने बटणं दाबली, वायर काढून पुन्हा खोचली. चिडीचूप. तेवढ्यात पडद्यावर ताईने एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली आणि हसली.

बाबांचा चेहरा उतरला. "माझी रिकामी खुर्ची दाखवून हसतेय."

"नाही हो बाबा! ती म्हणत होती की—"

"तू तिची वकील. तू तिच्याच बाजूने सांगणार." ते उठले. "बघायचं होतं, बघून झालं."

त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. तिने डिस्क उचलली आणि तडक दुकान गाठलं. दुकान बंद होतं, पण तो वरच्याच मजल्यावर राहायचा. तिने खालूनच हाक मारली आणि तो धावत उतरला.

"तुमची हिरवी पट्टी हलत होती ना? मग माझी ताई मुकी कशी झाली?" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

त्याने डिस्क लावली आणि आज पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज वाढवला. काहीच ऐकू आलं नाही. त्याचा चेहरा पडला.

"चूक माझी," तो हळूच म्हणाला. "फाइलमधला आवाज ज्या प्रकारचा आहे, तो अशा जुन्या प्लेअरना कळतच नाही. तो बदलून घ्यायला हवा होता. एकदा जरी ऐकलं असतं, तरी..."

"मग आता ऐका. माझी परवानगी आहे."

आवाज बदलून नवी डिस्क तयार झाली. ती त्याने प्लेअरमध्ये घातली आणि हेडफोनचा एक कान तिच्यापुढे धरला. दुसरा त्याने घेतला. वायर आखूड होती, त्यामुळे डोकी जवळ आणावी लागली. तिला त्याच्या साबणाचा मंद वास आला.

मग ताईचा आवाज आला. तो ऐकता ऐकता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. तिने ते पाहिलं, आणि त्या क्षणी तिच्या मनाचं काय ते ठरून गेलं.

पण पुढचं ती साफ विसरली होती! ताईने कॅमेरा तिच्याकडे वळवून विचारलं होतं, "आता तुझा नंबर. कसा नवरा हवा गं तुला?" आणि तिने ठसक्यात उत्तर दिलं होतं, "कमी बोलणारा... पण माझं ऐकणारा!"

तिने हेडफोन ओढून काढला. तिचे कान लालबुंद झाले होते.

"आवाज... स्वच्छ आलाय," तो म्हणाला. त्याचेही कान काही वेगळे नव्हते.

डिस्क घेऊन तो स्वतः तिच्या घरी आला. बाबांच्या बंद दारासमोर उभा राहून म्हणाला, "काका, तुमच्या मुलीचा आवाज माझ्या चुकीने गेला होता. तुम्ही फक्त चित्र पाहिलंत. तिचं म्हणणं ऐकायचं राहिलंय."

मग कडी निघाली.

पडद्यावर पुन्हा ती खुर्ची आली. ताई म्हणत होती, "बाबा, तुम्हाला शेवटी सांगितलं, चुकलंच माझं. ही खुर्ची तुमची. सकाळपासून कुणालाही बसू दिलं नाही." आणि मग ती हसली — ते हसू कसलं होतं, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. रडू आवरायला ताई लहानपणापासून तशीच हसायची.

बाबांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे टिपले. "फोन लाव तिला."

ते फोन घेऊन खिडकीपाशी गेले. इकडे डिस्क चालूच होती आणि ते वाक्य जवळ येत होतं. त्याचा हात सवयीने रिमोटकडे गेला... तिने तो वरच्यावर धरला.

"राहू दे. ऐका."

"कमी बोलणारा... पण माझं ऐकणारा!" टीव्हीतली ती म्हणाली.

"कमी तर मी बोलतोच," तो चाचरत म्हणाला. "ऐकायचं राहून जात होतं... आता तुझं ऐकत बसायचंय. कायमचं."

"मग हे ऐक," ती म्हणाली. तिने त्याचा हात अजून सोडला नव्हता. "तू मला आवडतोस. फार आवडतोस."

"आवाज कमी करा रे!" बाबा खिडकीजवळून ओरडले.

त्याने लगबगीने टीव्हीचा आवाज कमी केला.

"टीव्हीचा नाही. तुमचा!"

फोनमधून ताई विचारत होती, "कोण आलंय बाबा घरी?"

बाबांनी मान वळवली. दोघांकडे पाहिलं, त्या धरलेल्या हाताकडे पाहिलं, आणि छाती फुगवून फोनमध्ये म्हणाले, "तू लवकर ये, मग सांगतो. या खेपेला सगळ्यात आधी मला कळलंय!"